बाग राहिली, पण

शाळेचे गणवेश शिवायची म्हणून गल्ली तिला मशीनताईच म्हणायची. गल्लीच्या टोकाला पालिकेची बाग आणि बागेला लागूनच इस्पितळ. बागेतून इस्पितळापर्यंत सरळ रस्ता काढायचा आणि उरलेल्या जागेत गाड्या लावायची सोय करायची, असं घाटत होतं. हे कानावर आलं तशी मशीनताईनं कंबर कसली. हातातलं शिवण बाजूला ठेवून ती दारोदार फिरली.

"ही जागा अजून जन्माला न आलेल्यांचीही आहे," ती सांगायची.

"मग त्यांच्याही सह्या आणणार का?" लोक हसायचे, पण सही करायचे.

एकच दार तिनं वाजवलं नाही, थोरल्या भावाचं. गेल्या हिवाळ्यात वहिनीच्या छातीत कळ आली, तेव्हा तिला घेऊन निघालेली रुग्णवाहिका गल्लीच्या वळणावर अडकून पडली होती. ती सुटेपर्यंत वहिनी गेली. दादाला रस्ता हवा होता, आणि का हवा होता ते ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पालिकेत सुनावणी झाली, तेव्हा दादा आधी उभा राहिला. "माझी बायको गाडीतच गेली. झाडांना दम धरता येतो, माणसाला नाही." एवढंच बोलून तो खाली बसला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

मग ताईचं नाव पुकारलं. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, बसूनच राहावं. पण ती उठली. "दादा खरं बोलतोय. रस्ता हवाच. पण पलीकडे पालिकेचं बंद गोदाम आहे, ते पाडून तिथून काढा. बाग एकदा गेली की कुणी परत देत नसतं." भावाकडे बघायचा धीर तिला झाला नाही.

ठराव झाला. बागेत कधीही बांधकाम नाही आणि रस्ता गोदामाकडून, 'यथावकाश'. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ताई तडक दादाकडे गेली.

त्यानं दार उघडलं, खुर्ची पुढे केली, चहासुद्धा टाकला. मग ओट्याकडे तोंड करून उभा राहिला.

"रागावलास?"

"नाही."

"वहिनी रोज संध्याकाळी त्याच बागेत बसायची रे."

"हो ना. तिच्या बाकावरून इस्पितळाचं दार दिसतं. एवढं जवळ." चहा उतू गेला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. ताईनं उठून गॅस बंद केला.

पुढच्याच महिन्यात तो परगावी लेकीकडे राहायला गेला. जाताना त्यानं ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

गोदाम काही पडेना. ताईनं पुन्हा दारोदार फिरून लोकांना पालिकेत चला म्हटलं. बागेसाठी सभागृह भरून टाकणाऱ्या माणसांना आता कामं निघाली. कुणी म्हणालं, "होईल हो सावकाश." ती एकटीच जाऊन साहेबांच्या दाराबाहेर बसून आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

मग दर खेपेनंतर ती दादाला फोन करायची आणि काय झालं ते सांगायची. तो सगळं ऐकून घ्यायचा.

"जेवलीस का?" एवढं विचारायचा आणि फोन ठेवायचा.