धावताना : फोटोवाला

पिंपळगाव राजाच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं या गोष्टीवरून अजून चिडतात. त्या गावच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल दरसाल छापून यायचा. त्यात आकडे बारीक आणि फोटो मोठा असायचा. फोटो काढायचा सहदेव. मलकापूर स्टेशनसमोर त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि मागच्या पडद्यावर रंगवलेलं काश्मीर.

फोटोखालची नावं लिहायचे वामन मास्तर. खुर्चीवर डावीकडून अमुक, मागे उभे तमुक, खाली बसलेले फलाणे. पाणी वाटणाऱ्या निवृत्तीचंही नाव असायचं. छापखान्याचं नाव शेवटच्या पानावर असायचंच. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी अध्यक्ष रंगरावांचा बैल प्रदर्शनात पहिला आला, म्हणून त्यालाही फोटोत उभा केला, आणि अहवालात ठळक छापून आलं, ‘उजव्या टोकाला : सरदार (बैल)’. सहदेवचं नाव मात्र भिंग लावूनही सापडत नव्हतं. बैलानं त्या दिवशी शेण टाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि सहदेव चार तास उन्हात काळ्या कापडाखाली शिजला होता. त्याच्या डोक्यात तिडीकच गेली.

तो अहवाल काखेत मारून मास्तरांकडे गेला.

“मास्तर, बैलाचं नाव छापलं. माह्यं काऊन नाही?”

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. “बैल फोटोत हाय. जो फोटोत दिसते, त्याचं नाव. तू दिसतं काय? नाही न. मंग झालं.”

सहदेवला या उत्तराचा राग आला, पण त्यातली वाटही दिसली. त्याच वर्षी बदलीवर निघालेल्या एका रेल्वे गार्डाकडून त्यानं घडीचा कॅमेरा घेतला. त्याला एक चावी होती. चावी दिली की दहा सेकंदांनी खटका आपोआप पडायचा. बायको तानाबाई अंगणात उभी राहून आकडे मोजायची आणि हा कॅमेऱ्यापासून तुळशीपर्यंत धावायचा. आठ म्हणायच्या आत तो जागेवर टेकायला लागला. नाव छापून यावं म्हणून नवरा अंगणात पळतो हे शेजारणीला कसं सांगावं, ते तानाबाईला उमगेना. तिनं सांगून टाकलं की डॉक्टरांनी पळायला लावलंय.

पुढच्या वर्षी सोसायटीचं गोदाम बांधून झालं आणि उद्घाटनाला खुद्द कलेक्टरसाहेब आले. खुर्च्या पंधरा आणि मानाची माणसं एकवीस. त्या हिशेबात रंगरावांच्या जावयाला, अर्जुनरावांना, खुर्ची मिळाली नाही. हे जावई अकोल्याचे. गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडायचे, पण त्यात रोल असल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. खुर्ची नाही म्हटल्यावर ते रुसले आणि सासऱ्याच्या घरी जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

इकडे साहेबांना निघायची घाई. सहदेवनं सगळ्यांना दम धरायला सांगितला, चावी दिली आणि धावला. निवृत्तीच्या शेजारी सतरंजीवर त्यानं जागा राखून ठेवली होती. पण घरच्या अंगणात सतरंजी नव्हती. इथे होती, आणि तिची कड दुमडलेली होती. पाय अडकला, चप्पल उडाली, आणि सहदेव हवेत असतानाच खटका पडला. साहेब हसत हसतच जीपमध्ये बसून गेले.

दुसरा फोटो निघालाच नाही. सहदेव मान खाली घालून मलकापूरला आला आणि नाइलाजानं फिल्म धुवायला बसला. कागदावर चित्र उमटायला लागलं तसा तो वाकून बघत राहिला. मधोमध तो स्वतः एका पायावर, चप्पल वर. मागे रंगरावांचा आ वासलेला. कलेक्टरसाहेब मांडीवर थाप मारून हसताहेत, मास्तर खुर्चीतून अर्धे उठलेत, निवृत्तीनं पाण्याची घागर छातीशी धरलीय. दरसालच्या फोटोत ही सगळी माणसं तिरडीवरून उठवून बसवल्यासारखी दिसायची. या फोटोत ती जिवंत होती. आपण असा फोटो कधी काढला नाही आणि पुन्हा काढू शकणार नाही, हे सहदेवला कळलं, आणि त्याला फार आनंद झाला.

अहवाल आला. मास्तर नियमाचे पक्के. त्यांनी सगळ्यांची नावं दिली आणि शेवटी लिहिलं, ‘धावताना : फोटोवाला (मलकापूर)’. आता प्रश्न आला, फोटोवाला फोटोत, तर फोटो काढला कोणी? कमिटीत यावर तासभर खल झाला. चावीची गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरेना. रंगरावांच्या डोक्यात शिरली, पण त्यांच्या घरात जावई अजून धड जेवत नव्हता. तेव्हा त्याखाली ठळक टाइपात छापलं, ‘छायाचित्र : श्री. अर्जुनराव’. रुसवा निघाला. जावयानं त्या दिवशी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या.

सहदेवनं ते पान वाचलं आणि दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही. नाव नव्हतं तेव्हा निदान फोटो तरी त्याचा होता. आता तोही गेला होता. तानाबाईनं शांतपणे विचारलं, “बैलाले त नावानं बलावते, तुमाले काऊन नाही?”

पण महिन्याभरात कलेक्टरसाहेबांचं पत्र सोसायटीत आलं. इतका जिवंत फोटो आपण पाहिला नाही, पुढच्या आठवड्यात मुंबईहून मंत्री बुलढाण्याला येत आहेत, तरी श्री. अर्जुनराव यांनाच फोटो काढायला पाठवावे. पत्र ऐकल्याबरोबर अर्जुनरावांना ताप भरला. असा ताप, की थर्मामीटरलाही सापडेना.

दुसऱ्या दिवशी रंगराव पहिल्या मोटारीनं मलकापूरला आले. सहदेवनं गुपचूप बुलढाण्याला यावं, फोटो काढावा, अर्जुनराव नुसते कॅमेऱ्याजवळ उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

“मी फोटो नाही काढत, रंगरावजी,” सहदेव म्हणाला. “मी धावतो. तुमच्या पुस्तकात तसं छापलं हाय. म्हनसान त मंत्र्यासमोर धावून दाखवतो.”

रंगराव आधी तापले, मग त्यांनी हसून पाहिलं, मग जावयाचा संसार, लेकीचं सुख वगैरे काढलं. सहदेवनं टेबलावर कागद ठेवला, त्यावर टाक ठेवला. फोटो कोणी काढला ते साहेबांना लिहा, मग येतो, एवढंच तो म्हणाला. रंगराव बराच वेळ काश्मीरकडे बघत बसले. शेवटी लिहायला लागले, ‘सदर फोटो आमच्या फोटोवाल्याने’.

“फोटोवाले मलकापुरात तीन हायेत,” सहदेव म्हणाला.

रंगरावांनी शब्द खोडला आणि टाक तसाच हातात राहिला. या माणसानं चार वर्षं सोसायटीचे फोटो काढले होते. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे काढले होते, आईचा शेवटचाही काढला होता. त्यांनी त्याला ‘ए फोटोवाले’ यापलीकडे हाक मारली नव्हती. त्यांनी चोरून दारावरच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर होतं, ‘काश्मीर फोटो स्टुडिओ’.

“तुमचं नाव काय?” रंगरावांनी विचारलं. “पूर्ण सांगा. आडनावासकट.”

आपल्याकडे आडनाव विचारतात ते बहुतेक वेळा समोरच्याला पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं ते ठरवायला. सहदेवला जन्मभर हा प्रश्न त्याच कारणासाठी विचारला गेला होता. लिहून घ्यायला आज पहिल्यांदा विचारला जात होता. त्यानं उगाच खाकरून घेतलं आणि तो ताठ उभा राहिला.

“सहदेव जानराव तायडे,” तो म्हणाला. “लिहा. मी उभा हाय.”