बकुळाने विचारलं तेव्हा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर लालबागच्या एका चाळीत या. तिसरा मजला, टोकाची खोली. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर चौदा मुलं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि समोर खुर्चीवर मी. तेव्हा माझे केस काळे होते आणि मला सगळी उत्तरं येत होती.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आठवडाभर मी शाळेत गणित शिकवायचो आणि रविवारी सकाळी या खोलीत शब्बाथशाळा भरवायचो. येशूच्या गोष्टी, गाणी, शेवटी पाठांतर. ज्याने न अडखळता बायबलमधलं वचन म्हटलं, त्याला रंगीत चित्राचं कार्ड. त्या कार्डांसाठी चाळीतली हिंदू मुलंही यायची. बकुळा त्यांतलीच, नऊ वर्षांची.

तिचे वडील गुणाजी शेजारच्याच खोलीत राहायचे. मूळचे मालवणचे, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, आणि देव मानायचे नाहीत. चाळीच्या गणपतीचा मांडव दरवर्षी तेच बांधायचे, पण आरतीला हात जोडून कधी उभे राहिले नाहीत. एका संध्याकाळी गॅलरीत त्यांनी मला गाठलं.

"मास्तरांनू, बकुळा सांगत होती, येशूवर इश्वास ठेवलो तर तारण, म्हणजे सर्गात जागा, नायतर नाय. खरा?"

"खरं."

"आणि एकान जन्मभर लोकांका लुबाडल्यान, मरताना हात जोडल्यान, तर?"

"मनापासून पस्तावला असेल तर त्याला क्षमा आहे."

"आणि ज्यान कोणाचा वायट केल्यान नाय, पण देव मानल्यान नाय, तो?"

मी म्हणालो, "तारण कामाची मजुरी नाही, गुणाजी. ती देवाची कृपा आहे."

"मगे ती सगळ्यांकाच मिळाक होयी. कमी पडता काय?"

मी चष्मा पुसत राहिलो. गुणाजी हसले. "आमचो जॉबर काम बघणा नाय, सलाम बघता. सलाम ठोकता तो आत, नाय ठोकणा तो गेटाभायर. माका वाटला होता, वर तरी बरो जॉबर असतलो."

जॉबर म्हणजे गिरणीत माणसं भरती करणारा मुकादम. त्याची मर्जी सांभाळली नाही तर चांगला कामगारही दारातून परत जायचा.

"मग पोरीला त्यांच्याकडे धाडता कशाला?" त्यांची बायको गंगुबाई आतून म्हणाली.

"गाणी बरी शिकवतत. आणि मास्तर मारणत नाय."

आमची ही भांडणं अशीच चालायची, आणि मला ती आवडायची.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. दोन दिवस चाळीत दूध आलं नाही. माझा धाकटा तेव्हा सहा महिन्यांचा होता, आणखीही तान्ही मुलं होती. गुणाजी दोन किटल्या घेऊन मागच्या गल्लीने गेले. कोणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर त्यांना गोळी लागली.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी बकुळा वर्गाला आली. नेमके त्याच दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब पाठांतर ऐकायला आले होते. नवं वचन तारणाचंच होतं. बकुळाने ते उभं राहून एका दमात म्हटलं. मी कार्ड पुढे केलं. तिने हात पुढे केला नाही.

"मास्तर, बाबा तुमच्या स्वर्गात आत आहेत की बाहेर?"

मुलांनो, शाळेत मी रोज सांगायचो, उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, मी रागावणार नाही. तेवढंच मला म्हणायचं होतं. पण पाळकसाहेब बसले होते, आणि मी वर्षभर काय शिकवलं ते त्यांना दिसायला हवं होतं. मला वाटलं, इथे डगमगलो तर सगळी शिकवणच डगमगेल.

"बाळ," मी म्हणालो, "त्यांनी विश्वास ठेवला नव्हता."

"म्हणजे बाहेर?"

मी होकाराची मान हलवली.

नंतर जिना उतरताना पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मास्तर, ते ठरवणारे आपण कोण?" त्यांच्याजवळही वर्गात बोलायला वेळ होता, असं तेव्हा माझ्या मनात आलं. आता नाही येत. तिने मला विचारलं होतं. गुणाजी असते तर त्यांनी मला पुन्हा गॅलरीत गाठलं असतं, आणि या वेळी मी चष्मा पुसत बसलो नसतो.

बकुळा रडली नाही. तिने आपला परकर सावरला, मुलांच्या पायांमधून वाट काढत दारापर्यंत गेली आणि उंबरठा ओलांडून गॅलरीत बसली, कठड्याला पाठ लावून. मग थोडी सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.