जुळ्यांचा वाटा

आमच्या घरी एकाच पहाटे दोन कन्या जन्मास आल्या. त्यांची नावे सोनी व रूपी अशी ठेवण्यात आली. नीलाबाई नावाची सुईण, जी नात्याने माझी मावशी लागते, तिने दोघींना एकाच सुपात निजविले आणि माझी पत्नी अन्नपूर्णा हिला तेव्हाच बजाविले, "पाय बाई, जुळ्याचा जीव एकच रायते. एकीले देशीन ते दुसरीले द्यायचंच. नाई त जिले भेटलं नाई, ते रुसते अन् निंगून जाते."

हा नियम आमच्या नागभीडकडील धानाच्या मुलखात लहानथोर सर्वच मानतात. अन्नपूर्णा तर तो श्वास घेतल्याप्रमाणे पाळीत असे. सोनीच्या ओंजळीत मुरमुरे पडले की तितकेच रूपीच्या ओंजळीत पडत. सोनी बोडीच्या, म्हणजे शेतालगतच्या तळ्याच्या, खोल पाण्यात उतरली म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला, तर अन्नपूर्णा आत जाऊन रूपीच्या पाठीवरही हलकेच हात मारी. रूपी रडत नसे. ती जीभ किंचित बाहेर काढून तशीच पडून राही.

एकदाच हा नियम मोडला. कान टोचण्याच्या दिवशी रूपी काही केल्या जागी होईना, तेव्हा सोनाराने एकट्या सोनीचेच कान टोचले. त्याच आठवड्यात रूपीला ढाळ लागून ती मरता मरता वाचली. त्या दिवसापासून अन्नपूर्णेच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही, आणि सत्य सांगावयाचे तर माझ्याही मनात फारशी उरली नाही. मी चौथी उत्तीर्ण असून चातुर्मासात देवळात पोथी वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. तथापि अशा गोष्टींत शिक्षण किती उपयोगी पडते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

दोघींना सहावे वर्ष लागले तेव्हा सोनी माझ्या कमरेला लागत होती व शेळ्यांच्या मागे धावत होती. रूपी मात्र दीड वर्षाच्या बालकाएवढीच होती. तिची कातडी कोरडी, पोट फुगीर, आवाज घोगरा आणि हातपाय ऐन वैशाखातही थंड असत. तिला उभे केले तर ती बसत असे, व बसविले तर निजत असे.

त्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर नागपूरहून डॉक्टरांचे एक पथक आले आणि त्याने शाळेच्या पडवीत मुक्काम केला. प्रथम लोकांस वाटले की हे हिवतापाच्या फवारणीचे लोक असावेत, म्हणून बायकांनी घाईघाईने मडकी झाकली. पुढे कळले की ज्या मुलांची वाढ खुंटते त्यांच्यासंबंधी हे संशोधन आहे. गावातील एकूण एक मूल लाकडी पट्टीखाली उभे करण्यात आले. पोचू म्हातारा रांगेत शिरून म्हणाला, "मलेई मोजा जी. बायको म्हनते, मी दरसाल कमी होऊन राह्यलो."

"मोजून का करता?" मागून त्याची बायको ओरडली. "अक्कल मोजाची पट्टी आनली असन त लावा!"

पथकाचे प्रमुख डॉक्टर गुणवंतराव हेसुद्धा हसले. परंतु मी रूपीला कडेवर व सोनीला हाताशी धरून पुढे झालो, तेव्हा त्यांचे हसू पालटले आणि त्यांच्या मुखावर एक निराळाच हर्ष प्रकटला. त्यांनी दोघींचे दात पाहिले, मनगटे पाहिली, रूपीचा गळा बोटांनी चाचपला.

"मुखरूभाऊ," ते मला म्हणाले, "गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो म्हणून मूल वाढतं. तुमच्या या मुलीला ती ग्रंथी जन्मतःच नाही. तिच्या बहिणीला आहे. एकाच पोटातून, एकाच दिवशी, आणि एवढा फरक! अशा जुळ्या मुली मी फक्त पुस्तकात वाचल्या होत्या."

"साहेबाले हासू काऊन येऊन राह्यलं?" अन्नपूर्णेने पदराआडून मला विचारले.

मेंढीच्या त्याच ग्रंथीपासून तयार केलेल्या गोळ्या डॉक्टरांपाशी होत्या. रोज सकाळी रूपीला एक द्यावयाची. ती वाढेल, चालेल. समज किती येईल हे मात्र सांगता येणार नाही, कारण विलंब फार झाला होता. गोळी जन्मभर चालू ठेवावी लागेल. थांबविल्यास महिना-दोन महिन्यांत ती पुन्हा पहिल्यासारखी पडून राहील.

"आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "सोनीला गोळी मुळीच द्यायची नाही. दोघींमधलं अंतर कमी होतं का, तेच आम्हाला पाहायचं आहे."

"एकीले द्याची अन् एकीले नाई?" अन्नपूर्णा म्हणाली. "अन् तिनं का गुन्हा केला जी?"

डॉक्टरांनी तिला पुन्हा समजावून सांगितले. तिने मान हलविली. मी ती मान होकाराची समजलो, डॉक्टरही तसेच समजले.

तेव्हा मळणीचे दिवस असल्यामुळे मी तांबडे फुटण्यापूर्वीच खळ्यावर जात असे. माझ्यामागे घरात काय घडत होते याची मला वार्ता नव्हती. अन्नपूर्णा रोज अडकित्त्याने गोळीचे दोन भाग करीत असे. एक रूपीच्या जिभेवर ठेवी आणि दुसरा गुळात लपेटून सोनीला देई.

अर्ध्या गोळीनेही रूपीमध्ये जे परिवर्तन झाले ते पाहून मी दिङ्मूढ झालो. तिची जीभ आत गेली. हातपाय उबदार झाले. ती रांगू लागली, आणि एके दिवशी चौकट धरून उभी राहिली व माझ्याकडे पाहून "बा" म्हणाली. सहा वर्षांत मी तो शब्द तिच्या मुखातून ऐकला नव्हता. मी धानाचे पोते तेथेच टाकून खाली बसलो.

परंतु डॉक्टरांचे समाधान होईना. दर पंधरवड्याला ते माप घेत आणि म्हणत, "फरक आहे, पण जेवढा पडायला हवा तेवढा नाही." म्हणून त्यांनी एका गोळीच्या दोन केल्या, आणि पुढे तीन. अन्नपूर्णा तिन्हींचे दोन समान वाटे करी.

माघ महिन्यात सोनी वाळू लागली. ती दुप्पट जेवी, तरी तिच्या फासळ्या दिसू लागल्या. घास तोंडाशी नेताना हात थरथरून भात सांडे. तिला जवळ घेतले असता तिच्या छातीची धडधड माझ्या तळहाताला लागे. नीलाबाई येऊन दोघींकडे पाहून गेली व दारातच म्हणाली, "रूपी सोनीले ओढून राह्यली, बाई. वाटा बरोबर देतेस ना?"

तेव्हापासून अन्नपूर्णा मोठा वाटा सोनीला देऊ लागली.

अखेर सोनी अंगणात चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला उचलून शाळेत नेले. अन्नपूर्णा रूपीला घेऊन मागोमाग आली. डॉक्टरांनी सोनीची नाडी धरली, घड्याळाकडे पाहिले आणि पुन्हा नाडी धरली.

"हिला काय देता?" त्यांनी विचारले.

"रूपीले देतो तेच," अन्नपूर्णा म्हणाली. तिच्या स्वरात लपविण्याचा लवलेशही नव्हता, उलट अभिमानच होता. "वाटा म्या कधी चुकवला नाई, साहेब. एक दिवसई नाई."

डॉक्टर बाकावर बसले. नंतर म्हणाले, "बाई, ही वाटून द्यायची वस्तू नव्हे. हिच्या अंगात तो रस होताच. तुम्ही वरून आणखी घातला. काही दिवस आणखी गेले असते, तर हिचं हृदय थकलं असतं."

"मले का मालूम, साहेब? माय हावो मी. एकीच्या तोंडाकडं पायत दुसरीले कशी चारू?"

सोनीची गोळी त्याच क्षणापासून बंद करावी व रूपीला तिचा पूर्ण हिस्सा द्यावा, असा आदेश डॉक्टरांनी दिला. या मुलींची मापे आता संशोधनाच्या उपयोगाची नाहीत, हे त्यांनी दुसऱ्या डॉक्टरला हळू आवाजात सांगितलेले मी ऐकले. तरी त्यांनी आम्हांस बाटली भरून गोळ्या दिल्या, आणि पावसाळ्यानंतर नागपूरला येण्यास सांगितले. त्यानंतर दोन दिवसांनी पथक भामरागडकडे निघून गेले, कारण पावसाळ्यातील पुरामुळे तिकडील वाटा बंद होण्यापूर्वी तेथील काम उरकणे अगत्याचे होते.

अन्नपूर्णेने गोळी बंद केली. परंतु ती दोघींचीही केली.

सोनी सावरू लागली. तिची धडधड शमली, हाताचा कंप गेला. आणि ज्या प्रमाणात ती सावरली, त्याच प्रमाणात रूपीचे हात पुन्हा थंड होऊ लागले. ती चौकटीपर्यंत जाई, पण धरून उभी राहीना. मी अन्नपूर्णेस डॉक्टरांचे बोलणे पोथीचा अर्थ सांगावा तसे पद न् पद फोडून सांगितले. तिने सारे ऐकून घेतले.

"समजलं मले," ती म्हणाली. "सोनीले देली त सोनी मरते. सोनीले सोडून रूपीले देली त सोनी रुसून जाते. मंग तुमीच सांगा, कशी देऊ?"

"अवं, रुसत नाई ते! डाक्टरनं—"

"डाक्टर गेला. सोनी घरी हाय." तिने बाटली आणून माझ्या हाती ठेवली. "घ्या. तुमच्या हातानं द्या."

मी माझ्या हाताने दिली. रूपीने गोळी गिळली. त्याच सायंकाळी सोनीला हुडहुडी भरून ताप चढला.

त्या महिन्यात गावात घरोघरी थंडीताप होता. शेजारी मंगरूच्या घरी तिघे जण घोंगडीखाली पडलेले होते. हे मी अन्नपूर्णेस सांगितले.

"मंगरूच्या घरचे मंगरूच्या घरी," एवढेच ती बोलली.

सकाळी मी पुन्हा बाटली उघडली. सोनी गोधडी लपेटून भिंतीशी बसली होती. तिचा ताप थोडा उतरला होता. रूपी अन्नपूर्णेच्या मांडीवर होती. गोळी पाहताच तोंड उघडण्यास ती अलीकडेच शिकली होती, आणि तिने ते उघडले.

"बा, तिले दे न," सोनी म्हणाली. "मले नोको. मले कडू लागते."

अन्नपूर्णेने रूपीच्या तोंडावर आपला तळहात ठेवला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. "हा हात तुमी काढा," ती म्हणाली. "काढला त मी काई म्हननार नाई. पन सोनीले काई झालं त मले मंग काई सांगू नोका."

मी गोळी धरून बसलो. हिवताप डासांमुळे येतो, हे मला ठाऊक होते. तसे छापील पत्रक शाळेच्या भिंतीवर लावलेले मी स्वतः लोकांस वाचून दाखविले होते. सोनीच्या कपाळाला हात लावला, तर ते अद्याप कोमटच होते. तो तळहात काही जड नव्हता. माझ्या दोन बोटांनीही तो बाजूला सरला असता.

मी तो बाजूला सारू शकलो नाही. त्या हाताच्या वरून रूपी माझ्याकडे पाहत होती, आणि आता तिला पाहिलेले कळतही होते.