बाबांचं पत्रक

थोरली नगरसभेच्या माहिती विभागात पत्रकं लिहायची. गावात कुठल्याही प्रश्नावर मतदान असलं, की त्याआधी घरोघरी एक पान जायचं. डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी, दोन्हींना बारा-बारा ओळी. जुना पूल पाडायचा की ठेवायचा, बाजार रविवारी उघडा असावा की नसावा, सगळं तिनेच लिहिलेलं. अठरा वर्षांत तिचं स्वतःचं मत काय ते कुणाला कळलं नव्हतं, आणि याचा तिला कोण अभिमान. विभागातली रीतही तिनेच घालून दिलेली: आपल्याला न पटणारी बाजू आधी लिहायची, आणि त्या बाजूच्या माणसाने 'मला हेच म्हणायचं आहे' अशी सही केल्याशिवाय पान छापायला द्यायचं नाही.

म्हणूनच बाबा तिला म्हणाले, "माझंही एक पत्रक लिही."

त्याचं असं झालं. आई गेल्यापासून चार वर्षं बाबा थोरलीकडे राहत होते. घरात ती आणि बाबा, दोघंच. आता धाकटीने मोठं घर घेतलं आणि एक दिवस येऊन लाडात म्हणाली, "बाबा, आता तू माझ्याकडे यायचं." तू! थोरली जन्मात बाबांना 'तुम्ही' सोडून काही म्हणाली नव्हती. तसं तिला कुणी बजावलं नव्हतं. पण धाकटी झाली तेव्हा ती नऊ वर्षांची, शहाणी, जबाबदार वगैरे होती, आणि शहाण्या मुलींच्या वाट्याला लाड येत नाहीत. धाकटी मात्र या वयातही बाबांच्या गळ्यात पडायची, आणि बाबा मेणासारखे विरघळायचे. ते बघून थोरलीच्या पोटात दुखायचं. चाळिशी उलटली तरी दुखायचं.

बाबांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य काढलेलं. तोंडी वादांचा त्यांना कंटाळा. "दोघींचं ऐकून माझं डोकं फिरेल," ते म्हणाले. "एका पानावर दोन्ही बाजू मांड. धाकटीची सही घे. रविवारी वाचतो आणि ठरवतो."

"आणि मी लबाडी केली तर?"

"तू?" बाबा हसले.

ते हसणं तिला झोंबलं. धाकटीला त्यांनी असं कधी गृहीत धरलं नव्हतं.

ऑफिसातून आल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली. रीतीप्रमाणे आधी धाकटीची बाजू. चार ओळींत संपेल असं तिला वाटलं होतं, पण लेखणी थांबेना. धाकटीकडचं काय-काय चांगलं आहे याची यादी तिच्या डोक्यात कधीपासून तयारच होती. अकरा वाजेपर्यंत ऊन येणारा ओटा. शेजारचे निवृत्त मास्तर, बुद्धिबळात बाबांना हरवणारे आणि वर चिडवणारे. दोन नातवंडं, जी आजोबांचा चष्मा पळवतात आणि शब्दकोड्यातले शब्द सांगितल्याशिवाय परत देत नाहीत. गेल्या महिन्यात बाबा तिकडे पंधरा दिवस होते, तेव्हा जेवताना इतके हसले की त्यांना ठसका लागला. हे शेवटचं गाळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. थोरलीने दात-ओठ खात तेही लिहिलं. तिच्या हातून कच्चं पान जाणार नव्हतं.

मग स्वतःची बाजू. डॉक्टर दोन मिनिटांवर. औषधं वेळेवर. औषधांची डबी वारानुसार भरलेली. स्वतंत्र खोली, शांतता, पथ्याचं जेवण, रोजचं वर्तमानपत्र. तिने ओळी मोजल्या. बारा आणि बारा.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी तिच्या ऑफिसात आली. डावी बाजू वाचून तिने वर बघितलं. "ताई, तुला हे सगळं ठाऊक आहे? मी लिहिलं असतं तर निम्मं विसरले असते." आणि लगेच सही ठोकून मोकळी झाली. मग उजवीकडे वळली. "आणि यात तुझी बाजू कुठे आहे?"

"ती काय. बारा ओळी."

"हे दवाखान्याचं माहितीपत्रक आहे. औषधं वेळेवर आणि औषधांची डबी, दोन्ही एकच. त्यातली एक काढ." तिने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं: 'बाबा घरात नसले, की थोरलीला जेवण जात नाही.'

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ते पंधरा दिवस संपल्यावर तू त्यांना न्यायला आलीस, तेव्हा तुझे कपडे अंगावर लोंबत होते."

"असली वाक्यं पत्रकात चालत नाहीत. हा मुद्दा नाही."

"बाबा काय पुलावर मत देणार आहेत?" धाकटी म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साधा अर्ज लिहायचा तर आपल्याकडे पळत येणारी मुलगी, आणि आपलंच पान सुधारते. त्यात वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं, की खोडायला घेतलेलं रबर तिने खाली ठेवलं. बारा ओळी पुऱ्या व्हायला हव्यात असं स्वतःला बजावत तिने डबीची ओळ काढली आणि ते वाक्य टाईप केलं.

रविवारी दुपारी बाबांनी दोघींना समोर बसवलं आणि जुन्या सवयीने ओळीखाली पट्टी धरून वाचायला घेतलं. डावीकडे दोनदा खुदकन हसले. उजवीकडे पट्टी एका चालीने खाली सरकत गेली आणि आठव्या ओळीवर थांबली. बराच वेळ तिथेच राहिली.

"मी इथेच राहतो," बाबा म्हणाले. "धाकटे, तुझी बाजू भारी आहे. मोह पडतो. रागावू नकोस." मग ते थोरलीकडे वळले. "तुझं प्रत्येक पत्रक मी वाचलंय. चूक एकात सापडली नाही. पण तूही कुठे सापडली नाहीस. या एका ओळीत सापडलीस, बाळ."

बाळ. थोरलीने धाकटीकडे बघितलं. तिने एक शब्द काढला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. आणि तो शब्द खरं तर थोरलीने काढायचा होता. तिने तोंडही उघडलं, पण बाबांनी तिचा हात हातात घेतला होता.

"ठरलं तर मग," धाकटी म्हणाली. "चहा टाकते." डोळे पुसत ती आत गेली.

थोरली थोड्या वेळाने तिच्यामागे गेली. धाकटी कप मांडत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"ती ओळ तुझी आहे म्हणून."

"माझी कशी?" धाकटी साखरेचा डबा शोधत म्हणाली. "जेवण तुला जात नाही, ताई. मला व्यवस्थित जातं."

हे तिने टोचून म्हटलं असतं, तर थोरलीला बरं वाटलं असतं.