माझे वय आणि टिल्डनची पाठ

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. मात्र दिसते तितकी जुनी नाही. जगात बहुतेकांना आपले वय कमी करून सांगावे लागते. माझे वाढवून सांगण्यात आले.

माझा जन्म १८९२ सालचा, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यातला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर पोलाद आणि खाली-वर करायचा खटका. तीस वर्षे मी एका मेंढपाळाकडे कोल्हे हाकलण्याचे काम केले. मी एकही कोल्हा मारला नाही, आणि कोल्ह्यांनीही ही गोष्ट कधी मनावर घेतली नाही. मेंढपाळ वारला आणि त्याच्या मुलाने मला एका सिनेमा कंपनीला देऊन टाकले.

तिथे सामान सांभाळणाऱ्या एल्मो ट्रॅस्कने पहिल्याच दिवशी माझ्या नळीखालचे लाकूड काढले आणि कुशीवर पितळी पत्रा ठोकला. झाले, मी तीस वर्षांनी म्हातारी दिसू लागले. याला कारण होते. सिनेमातली खोटी काडतुसे एकाच मापाची येत. ती पिस्तुलात बसत, माझ्यात बसत. खरोखरच्या जुन्या बंदुकीत बसत नसत. त्यामुळे पडद्यावर कोणतेही साल असो, काउबॉयच्या हाती मीच. मी अजून जन्मालाही आले नव्हते, अशा काळातल्या कितीतरी लढाया मी जिंकल्या. लोक शिट्ट्या वाजवत. मला ते आवडे, खोटे कशाला बोलू?

१९५१ साली आम्ही ॲरिझोनाच्या माळावर एका सिनेमासाठी मुक्कामाला होतो. गोष्ट १८७१ची. एमस टिल्डन नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत पाण्याचा झरा होता, आणि तो शेजारच्या हार्लन क्रूला हवा होता. दोघे समोरासमोर उभे राहिले, टिल्डन मेला, झरा क्रूचा झाला. न्यायालयाने बरोबरीची झुंज म्हणून क्रूला सोडले. पुढे गावालाही त्याचेच नाव पडले.

शूटिंगच्या पहिल्या सोमवारी टिल्डनची मुलगी ऑर्फा तिथे येऊन दाखल झाली. वय अठ्ठ्याऐंशी. सहाशे मैल बसने आली होती. झुंज पाहिलेले जिवंत माणूस जगात तेवढे एकच उरले होते, आणि तिचे म्हणणे असे, की झुंज झालीच नव्हती. बाप खेचराला पाणी पाजत होता. क्रूने कोठाराच्या खिडकीतून त्याच्या पाठीत गोळी घातली. ती तेव्हा आठ वर्षांची. कोर्टात तिला कोणी विचारले नाही.

दिग्दर्शक हॅलोरन कॉफी ढवळायचा थांबला. त्याला जाहिरातीत ‘खरी घटना’ असे छापायचे होते. तो म्हणाला, “आजी, मला दोन्ही चालतं. आमच्या प्रोफेसरांनी गुरुवारी दुपारपर्यंत तुमची साक्ष लिहून खाली सही केली, तर गोळी पाठीत. नाही केली, तर समोरासमोर.”

प्रोफेसर म्हणजे लेलंड प्रिचेट. इतिहास अचूक राहावा म्हणून कंपनीने त्यांना नेमले होते. ते कागद-पेन घेऊन ऑर्फाबाईंकडे निघाले, आणि वाटेत त्यांची नजर माझ्यावर पडली.

“ही केव्हाची?” त्यांनी विचारले.

इथे एल्मोने खरे सांगितले असते तर पाच मिनिटांत विषय संपला असता. पण त्याला नोकरीची धास्ती वाटली. ही माझ्या आजोबांची, अगदी अठराशे सत्तर सालची, असे त्याने शपथेवर सांगितले. प्रिचेटनी भिंग काढले. सोमवार माझ्या खटक्यात गेला, मंगळवार स्क्रूंमध्ये. मंगळवारी दुपारी त्यांनी एका संग्रहालयाला तार केली आणि उत्तराची वाट बघत बसले. एल्मोच्या कपाळावर घाम. आपल्याच शपथेत तो अडकला होता. तरी त्याने दोनदा विनवले, साहेब, म्हातारीचं आधी लिहून घ्या, ती बसलीये ना समोर. प्रोफेसर म्हणाले, “बसलीये ना? मग बसू दे. पुरावा आधी.”

ऑर्फाबाई खुर्चीत बसून होत्या. समोर झुंजीच्या तालमी चालू होत्या. पहिल्या तालमीला त्यांनी तोंड फिरवले. दुसरीला मांडीवरच्या बशीतल्या पीचच्या पेस्ट्रीकडे बघत राहिल्या. तिसरीला त्यांच्याच्याने राहवले नाही.

“उजवा हात काय पुढे करतोय मेला? डावखुरे होते बाबा.”

टिल्डन झालेल्या नटाने हात बदलला. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, टोपी मागे सरकवलेली असायची, कपाळावर घामोळं यायचं त्यांना. टोपी सरकली. मग खेचराचा रंग बदलला, मग चाल. जरासे लंगडायचे, डाव्या पायानं. मी क्रूच्या हातात होते. दर वेळी माझी नळी त्या माणसावर रोखलेली असे, आणि दर वेळी तो आधीपेक्षा जास्त एमस टिल्डन झालेला असे. बुधवारी दुपारी तालीम संपल्यावर तो नट बाईंना कॉफी द्यायला आला. त्यांनी त्याची कॉलर नीट केली. ते पाहून एल्मो माझी नळी पुसता पुसता थांबला.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले. पण बंदुकीला आवाज एकच असतो, आणि तोही दुसऱ्याने चाप ओढल्यावर.

गुरुवारी सकाळी तार आली. माझा नंबर १८९२चा. एल्मोने मान खाली घालून सगळे कबूल केले. हॅलोरनने एवढेच विचारले, “धूर निघतो ना हिच्यातून? मग झालं तर.” नोकरी वाचली. तीन दिवस कशासाठी गेले, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

बारा वाजायला वीस मिनिटे होती. प्रिचेट कागद घेऊन ऑर्फाबाईंसमोर बसले. सगळे भोवती जमले.

“हं, सांगा बाई. गोळी कुठून आली?”

बाईंनी खेचराकडे पाहिले, मग त्या नटाकडे.

“समोरून,” त्या म्हणाल्या. “बाबा वळले, उभे राहिले. डावा हात असा. घाबरले नाहीत मुळीच.”

पेन कागदावर चालू लागले. एल्मोला राहवले नाही. तो त्यांच्या पायाशी उकिडवा बसला. “आजी, सोमवारी तुम्ही मला पाठीत म्हणाला होता. खिडकीतून.”

“म्हणाले असेन.” त्यांनी त्याच्या हातावर थोपटले. “आठ वर्षांची होते रे मी. घराच्या दारातून काय दिसतं? आता जवळून बघितलं.”

बाराला पाच मिनिटे असताना प्रोफेसरांनी सही केली. दुपारी झुंज झाली, एका दमात. ऑर्फाबाईंनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि संध्याकाळच्या बसने निघून गेल्या. बसमध्ये त्या इतक्या प्रसन्न दिसत होत्या की निरोपाचा हात हलवावा की नाही, हेच एल्मोला सुचेना. प्रिचेटनी अहवालात लिहिले : सिनेमा सर्वार्थाने अचूक आहे, केवळ एक बंदूक एकवीस वर्षांनी तरुण आहे.

सिनेमा छान चालला. मीही पाहिला. तुम्हाला सांगते, खरंच छान आहे; आजही कुठे लागला तर मी बघेन.

आता मी एका गोदामात खिळ्याला टांगलेली असते. दस्त्याला चीर गेली आहे, खटका गंजला आहे. तेल कोणी घालत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हेही माझ्याविना मजेत आहेत. मागणे एकच आहे. सिनेमे खुशाल बघा. आमची टोपी चुकली, साल चुकले, तरी शिट्ट्या वाजवा. तुमच्या शिट्ट्यांवरच आम्ही जगलो. पण घरात एखादे म्हातारे माणूस काही सांगायला बसले असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. सगळे सांगून होऊ द्या. त्यानंतर त्याला सिनेमाला न्या.