डाव्या बाजूचा आकडा

सोलापूरच्या कांद्याच्या लिलावात महेश्वरला भोंगा लागायचा नाही. ढिगाला टेकून उभा राहायचा आणि तिथून त्याचा आवाज शेवटच्या ट्रकपर्यंत जायचा. "एक बार, दोन बार," म्हणून मुद्दाम थांबायचा, समोरच्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघायचा. "काय शेठ, बायकोला फोन लावायचाय का?" सगळे हसायचे, तो व्यापारी लाजेकाजेस्तव आणखी चढायचा, आणि मग महेश्वर हात खाली आपटून म्हणायचा, "तीन बार." माल गेला. वळसंगचा माणूस. आईशी कानडी, बाजारात मराठी, हमालांशी दखनी. तिन्ही भाषांत शिव्या येत होत्या आणि तिन्ही भाषांत माफी मागता येत होती. त्याचं सगळं घर त्या जिभेवर चालत होतं.

मग आवाज बसला. आधी वाटलं कांद्याची धूळ. घशाच्या डॉक्टरने घशात बघितलं आणि घशात काहीच नाही म्हणून छातीचा फोटो काढायला लावला. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी वर जाऊन कमानीसारखी वळते. ती त्या वळणावरच फुगली होती, आणि तो फुगा आवाजाच्या नसेवर दाबत होता. फुटला तर दवाखान्यापर्यंत न्यायचीही गरज नाही, असं डॉक्टरने सांगितलं. म्हणजे तसंच नाही सांगितलं, पण अर्थ तोच.

ऑपरेशन करणारे डॉ. मुकुंद हाताने चांगले. हे कबूल केलं पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल. त्यांनी महेश्वर, त्याची बायको अपेक्षा आणि आई रंभाबाई यांना समोर बसवून सगळं समजावलं.

"कमान कापून तिथं कापडाची नळी शिवायची. शिवताना तिथं रक्त नको. म्हणून शरीर गार करायचं, हृदय थांबवायचं, रक्त थांबवायचं. बाकीचे अवयव गारव्यात तेवढा वेळ काढतात. मेंदू काढत नाही. म्हणून मेंदूला उजव्या खांद्यातल्या नळीतून वेगळं रक्त देत राहायचं. डोक्याभोवती बर्फ ठेवायचा."

"उजवीकडनं दिल्यालं डावीकडं कसं जाणार?" महेश्वरने विचारलं. बोली करणारा माणूस, त्याला पलीकडची बाजू आधी दिसायची.

"मेंदूच्या बुडाला रक्तवाहिन्यांचं कडं असतं. त्यातून जातं."

"आन कडं तुटकं असलं तर?"

"असतं काहींचं." डॉक्टर जरा हसले. "म्हणून कपाळावर दोन चकत्या चिकटवतो. उजवीकडे एक, डावीकडे एक. कुठल्या बाजूला रक्त कमी पडतंय ते आकड्यात दिसतं. डावा आकडा उतरला तर मानेतल्या डाव्या रक्तवाहिनीत आणखी एक नळी घालायची. पाच मिनिटांचं काम."

"बाकी काय बी घ्या डॉक्टर. जीभ तेवढी ठिवा."

"जिभेला काही होत नाही हो. बोलणं मेंदूत असतं. डाव्या बाजूला."

"मंग झालं की. त्या डाव्या आकड्याकडं बघत ऱ्हावा."

डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बघतो म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरच्या दारात स्ट्रेचर थांबलं. घर लिंगायतांचं. गळ्यातलं लिंग काढून द्यायला सांगितलं होतं. जन्मल्यापासून जे अंगावरून उतरलं नव्हतं ते रंभाबाईने स्वतः उतरवलं आणि मुठीत धरलं. मग तिने कमरेच्या बटव्यातून विभूतीचा खडा काढला, बोटं ओली केली आणि पोराच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत तीन पट्टे ओढले.

"आजी, आत चालत नाही हे," शेजारून जाताना डॉ. मुकुंद म्हणाले. थांबले नाहीत.

रंभाबाईने स्ट्रेचरजवळच्या नर्सचा हात धरला. गोदावरी सिस्टर अक्कलकोटकडची. तिच्या टोपीच्या कडेखाली तिच्या स्वतःच्या विभूतीची पुसट रेघ दिसत होती. ते बघूनच रंभाबाई तिला कानडीत म्हणाली, "लिंग उतरवायला लावलंत. निदान ही तरी राहू दे, बाई."

"राहू दे, आई," गोदावरी म्हणाली. "नाही पुसत."

महेश्वर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अगं सोड त्यांला. लिलाव खोळंबलाय."

हे त्याचं शेवटचं धड वाक्य.

आत गेल्यावर गोदावरीने विभूती पुसली. पुसावीच लागते, चकती कोरड्या, स्वच्छ कातडीवर बसते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, मग दुसऱ्या बोळ्याने पुन्हा. पुसताना ओठांत काहीतरी पुटपुटली आणि तो बोळा तिला कचऱ्यात टाकवेना, म्हणून खिशात ठेवला. मग दोन्ही चकत्या लावल्या. घट्ट बसल्या. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या गेल्या, वर हिरवं कापड आलं, आणि महेश्वर म्हणजे फक्त एक उघडी छाती राहिली.

शरीर गार झालं. हृदय थांबलं. उजव्या खांद्यातून मेंदूला रक्त सुरू झालं आणि डॉ. मुकुंद कमान कापून शिवायला लागले. पडद्यावर दोन आकडे होते, दोन्ही सत्तरीच्या आसपास. उजवा तिथंच राहिला. डावा उतरायला लागला.

भूल देणाऱ्या डॉ. वैदेही म्हणाल्या, "सर, लेफ्ट खाली येतोय. पन्नासच्या आत गेला."

"उजवा?"

"उजवा ठीक आहे."

"मग चकती सुटली असेल. म्हातारी दारात मूठभर राख थापत होती, बघितलं ना मी."

"मी पुसलंय सर," गोदावरी म्हणाली. "स्पिरिटनं."

डॉ. मुकुंदनी मान वर केली. आकड्याकडे नाही बघितलं. तिच्या कपाळाकडे बघितलं, टोपीखालच्या त्या रेघेकडे.

"तुम्ही? तुमच्यातल्या बायका विभूती पुसणार होय? सोलापुरातच वाढलोय मी, सिस्टर."

मास्कमागे कोणीतरी हसलं. गोदावरीच्या तोंडावर आलं होतं की बोळा खिशात आहे, दाखवू का. पण तो खिशात का ठेवला हेही मग सांगावं लागलं असतं, आणि आणखी हसले असते. तिने खिशाकडे गेलेला हात मागे घेतला.

"चकती बदलून बघू का?" वैदेहीने विचारलं.

"सगळा बर्फ हलवून? अर्धी शिवण झालीय माझी. वीस मिनिटं द्या मला."

अलार्म वाजत होता. वैदेहीने हात लांब केला आणि त्याचा आवाज बंद केला.

एवढंच झालं. कोणी दारू पिऊन नव्हतं, कोणी पैसे खाल्ले नव्हते, मशीन बिघडलं नव्हतं. लाखो रुपयांचं यंत्र खरं सांगत होतं, एक बाई खरं सांगत होती, आणि ज्याच्या हातात सुई होती त्याने यंत्राचं खरंखोटं बाईच्या कपाळावरून ठरवलं. डाव्या बाजूला नळी घालायची पाच मिनिटं कोणी दिली नाहीत. शिवण मात्र सुरेख झाली. एक थेंब गळला नाही.

ऑपरेशन यशस्वी झालं असं बाहेर येऊन सांगितलं. रंभाबाई डॉक्टरांच्या पाया पडली.

महेश्वर शुद्धीवर आला तेव्हा त्याचा उजवा हात पलंगावरून खाली लोंबत होता, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा. अपेक्षाने विचारलं, "ओळखलं का?" त्याने तिच्याकडे बघितलं. ओळखलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. त्याने तोंड उघडलं, खूप वेळ काहीतरी गोळा करत राहिला आणि म्हणाला, "तीन बार."

"काय पायजे? पानी?"

"तीन बार."

"दुखतंय का?"

"तीन बार. तीन बार." आणि तो रडायला लागला, कारण आपण काय बोललो ते त्याला ऐकू येत होतं.

डॉ. मुकुंदनी अपेक्षा आणि रंभाबाईला केबिनमध्ये बोलावलं. वैदेही बाजूच्या खुर्चीवर होती. डोक्याच्या फोटोत डावी बाजू काळी पडलेली दिसत होती.

"हे होऊ नये म्हणूनच चकत्या असतात," डॉक्टर म्हणाले. "पण आजींनी दारात राख लावली. डावी चकती चिकटली नाही. यंत्राने चुकीचं दाखवलं. मी तेव्हाच म्हणालो होतो, चालत नाही. आता दोष कुणाला देणार?"

दोष त्यांनी देऊन टाकला होता. म्हातारीच्या पदरात घातला आणि वर विचारत होते, कुणाला देणार.

रंभाबाई उठली. बाहेर आली, नळाखाली वाकली आणि स्वतःचं कपाळ घासघासून धुतलं. त्या दिवसापासून तिने विभूती लावली नाही. सत्तरीच्या बाईचं ते मोकळं कपाळ बघून वळसंगहून भेटायला आलेल्या बाया विचारायच्या, "का गं, सुतक हाय?" ती म्हणायची, "व्हय."

अपेक्षाने सासूशी बोलणं टाकलं. एकदाच बोलली, तेही सगळ्या वॉर्डासमोर. म्हातारी पोराचं तोंड पुसायला उठली तेव्हा म्हणाली, "हात लावू नका त्यांला. लावलाय तेवढा पुरे झाला."

त्यानंतर रंभाबाई पलंगापासून लांब, भिंतीला टेकून बसायची. मुठीत पोराचं लिंग तसंच. परत कुणी घालायचं हेच ठरत नव्हतं. आईने घालावं तर सून आडवी, सुनेने घालावं तर तिला सुचत नव्हतं.

गोदावरी हे ऐकून होती. दवाखान्यात अशी गोष्ट सगळ्यांना कळते. स्वयंपाकघरात तर हसण्यावारी गेली होती, म्हातारीने विभूती लावली आणि पोराची वाचा गेली म्हणून. दुपारी जेवणाचे डबे उघडले होते तेव्हा ती वॉर्डात आली आणि रंभाबाईसमोर जमिनीवर बसली.

"आई, विभूतीनं काय झालं नाही. विभूती नव्हतीच. मी आत पुसली होती. दोनदा. चकती चांगली बसली होती. आकडा खरा होता, त्यांनी ऐकलं नाही."

अपेक्षाच्या हातातला घास हातातच राहिला.

रंभाबाई भिंतीपासून पुढे सरकली. मग म्हणाली, "पुसलीस तू?"

"व्हय आई. पुसायलाच लागती."

"न्हाय पुसत म्हनली हुतीस."

"आई, ती पुसली म्हणून—"

"मंग त्येनंच झालं," रंभाबाई म्हणाली. शांतपणे म्हणाली, जणू इतके दिवस न जमणारा हिशेब एकदम जमला. "लिंग न्हाय, विभूती न्हाय. उघडं पाटीवलं की गं तू माझं लेकरू. कशानं ऱ्हाईल त्ये?"

खरं सांगून गोदावरीने म्हातारीच्या डोक्यावरचं ओझं काढलं होतं आणि ते तिच्या स्वतःच्याच डोक्यावर आलं होतं. डॉक्टरच्या डोक्यावर जायला ते तयारच नव्हतं.

अपेक्षा मात्र उठली. हात धुतला. "चला सिस्टर. हे तितं सांगा."

"ताई, माझी नोकरी हाय."

"आन ह्येंची नव्हती?"

पलंगावरून महेश्वर म्हणाला, "तीन बार." गोदावरी उठली.

केबिनमध्ये डॉ. मुकुंदनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पुसलं होतं तर तेव्हा का नाही बोललात, सिस्टर?"

"बोलले सर."

"मी नाही ऐकलं. आणखी कुणी ऐकलं?"

गोदावरीने वैदेहीकडे बघितलं. अपेक्षाने बघितलं. वैदेही अजून लहान होती, मोठ्या शहरातली नोकरी सोडून आईवडिलांसाठी सोलापुरात परत आली होती, आणि या शहरात अशी ऑपरेशनं करणारी माणसं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली, ज्या हाताने अलार्म बंद केला होता.

"थिएटरमध्ये आवाज खूप असतो," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

"बघा," डॉ. मुकुंद म्हणाले.

अपेक्षा म्हणाली, "ह्येनी इचारलं हुतं तुमाला. डाव्या आकड्याकडं बघत ऱ्हावा म्हनले हुते. तुमी पाठीवर हात मारून बघतो म्हनला. त्ये तरी आठवतंय का?"

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं. गोदावरीची संध्याकाळपासून ड्युटी बदलली, मग आठवड्याच्या आत तिला कामावर येऊच नका म्हणाले.

अपेक्षा वॉर्डात परतली. रंभाबाई भिंतीला तशीच बसली होती. अपेक्षा तिच्यापुढे बसली आणि तिने म्हातारीच्या कमरेच्या बटव्याकडे बोट केलं.

"आत्ती, चुकलं माझं. तुमी लावा त्यांला."

म्हातारीने बटवा दिला, पण उठली नाही. "माझा हात नगं," म्हणाली.

मग अपेक्षानेच खडा ओला केला. तिला सवय नव्हती. पट्टे वाकडे आले, एक भुवईवर ओघळला. सासूच्या मुठीतली बोटं एकेक करून उलगडली आणि लिंग काढून नवऱ्याच्या गळ्यात घातलं. महेश्वर डाव्या हाताने कपाळ चाचपत राहिला, मग हात खाली आपटायला उचलला. अपेक्षाने तो वरच्या वर धरला.

"नगा म्हनू," ती म्हणाली. "अजून न्हाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते. दुसरं काहीतरी म्हणायचं होतं त्याला, आणि ते येत नव्हतं.