झिपऱ्याचा कंगवा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझे दात बघून हसू नका. मी लाकडी कंगवा आहे, चांगलाच जुना, आणि या वयात दात पडायचेच. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या खालच्या खणात आहे. एका बाजूला संपलेले सेल, दुसऱ्या बाजूला चावी हरवलेलं कुलूप. कुलूप तोंड उघडत नाही आणि सेलांचा जीव कधीच गेलाय. मग बोलायचं कोणाशी? म्हणून तुम्हाला धरलं.

माझा जन्म एका कारागिराच्या दुकानामागच्या खोलीत झाला. त्याने एक फळी घेतली, ती चांगली वाळू दिली, मग बारीक करवतीने एकेक दात पाडला. प्रत्येक दाताचं टोक तो स्वतःच्या मनगटावर ओढून बघायचा. जरा जरी ओरखडा उठला की पुन्हा घासायला बसायचा. "डोक्याला बोचलास तर माझं नाव खराब करशील," असं मला म्हणायचा. शेवटी त्याने मला तेलात बुडवून ठेवलं आणि पुसून काचेच्या कपाटात मांडलं. तेव्हा मी काय दिसायचो म्हणून सांगू! आता तुमचा विश्वास बसायचा नाही, जाऊ द्या.

मला एका तरुण बाईने विकत घेतलं. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती आणि तिचे केस कमरेखाली पोचायचे. रोज सकाळी ती मला घेऊन बसायची, गुंता सोडवायची, घट्ट वेणी घालायची आणि तिचा अंबाडा करून वरून रुमाल बांधायची. कामाला लागली त्याच आठवड्यात मुकादम तिला म्हणाला होता, "हे केस मशिनमध्ये अडकतील. कापून ये." तिने त्याच्या टकलाकडे बघितलं आणि म्हणाली, "अडकले तर माझे अडकतील, तुम्हाला काय काळजी?" सगळा हॉल खो खो हसला. ती निवृत्त होईपर्यंत त्याच मशिनवर बसली. एक केस कधी अडकला नाही.

मग घरात मुलगा आला. त्याचे वडील लवकर गेले, त्यामुळे घरात आम्ही तिघंच, ती, तो आणि मी. पोराचे केस आईवर गेले होते, दाट आणि हट्टी. एकदा त्याने कुंडीतली माती उकरायला माझा वापर केला आणि माझा पहिला दात गेला. आई कडाडली, "अरे झिपऱ्या, कंगव्याने कोणी माती उकरतं का?" ते नाव त्याला चिकटलं ते कायमचं. शाळेत केस बारीक ठेवायची सक्ती होती, तेव्हा दर महिन्याला न्हाव्याकडून येताना तो रडून डोळे सुजवायचा. कॉलेजात गेल्यावर मात्र त्याने केसांना कात्री लावू दिली नाही. बघता बघता केस पाठीवर आले.

शिकून तो इंजिनिअर झाला. जुन्या इमारतींना, पुलांना, पाण्याच्या टाक्यांना भेगा पडतात ना, त्या तपासायचं त्याचं काम. त्याच्या बॅगेत विजेरी, हातोडी, मोजपट्टी आणि मी. साइटवर पोचला की तो आधी मला काढायचा, केस नीट विंचरायचा, मानेवर घट्ट बांधायचा आणि मग हेल्मेट चढवायचा. माझ्या आयुष्यातले हे सगळ्यात चांगले दिवस, मित्रांनो. एका वसाहतीची पाण्याची टाकी उभी राहील की पडेल, यावर सगळे गुळमुळीत बोलत होते. झिपऱ्या शिडीवरून वर गेला, सगळीकडे ठोकून आला आणि अंगाला लागलेली धूळ न झटकताच म्हणाला, "ही टाकी आज रिकामी करा." लोकांनी आधी नाकं मुरडली, पण केली. काही दिवसांनी टाकीची एक बाजू कोसळली. खाली कोणी नव्हतं. त्या वसाहतीत त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे, "तो लांब केसांचा इंजिनिअर."

पण घरात वेगळीच भेग पडत होती. आई विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग आज कोणता वार. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार. दिवसभर तिला सांभाळायला एक मावशी यायच्या. त्यांनाही ती रोज नव्याने विचारायची, "तुम्ही कोण हो?"

विसरली नव्हती ती फक्त एक गोष्ट. संध्याकाळी झिपऱ्या घरी आला की तिच्या खुर्चीपुढे पाटावर बसायचा, केस मोकळे सोडायचा आणि मला तिच्या हातात द्यायचा. डोक्यातलं सगळं निसटलं होतं, पण हातातलं तसंच होतं. तिची बोटं त्या केसांत शिरली की चेहरा उजळायचा. "किती रे गुंता करून आणतोस झिपऱ्या! जेवलास का?" तेवढा वेळ ती त्याची आई असायची आणि तो तिचा मुलगा. ते झालं की पुन्हा धुकं. त्या अर्ध्या तासासाठी तो दिवसभर जगायचा, हे मी जवळून बघितलंय.

अशात त्याच्या ऑफिसात मुख्य इंजिनिअरची जागा निघाली. मुलाखत ठरली. मामा, म्हणजे आईचा भाऊ, दर रविवारी बहिणीला भेटायला यायचे. मामा वाईट नव्हते हो. पण त्यांना सगळ्यांचं भलं करायची भारी घाई.

"त्या शेपटीसकट जाणार आहेस मुलाखतीला?" मामांनी विचारलं.

"साहेब काही म्हणाले नाहीत, मामा."

"ते कशाला म्हणतील? मनात ठेवतील आणि जागा दुसऱ्याला देतील. मोठ्या खुर्चीवर बसायचं तर माणसाने माणसासारखं दिसावं. आईच्या औषधपाण्याचा तरी विचार कर."

शेवटच्या वाक्याने घात केला. साहेबांना जाऊन सरळ विचारावं, एवढं साधं झिपऱ्याला सुचलं नाही. कोणी न मागितलेली गोष्ट तो स्वतःहून द्यायला निघाला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो न्हाव्याकडे गेला. मी त्याच्या मागच्या खिशात होतो. न्हाव्याने विचारलं, "नक्की ना?" झिपऱ्या म्हणाला, "कापा." मला दिसत काही नव्हतं, नुसती कात्री ऐकू येत होती. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे मूर्खा, ऊठ! पण कंगव्याचं कोण ऐकतं?

तो घरी आला, नेहमीसारखा पाटावर बसला आणि मला तिच्या हातात दिलं. तिचा हात त्याच्या मानेवर आला, वर गेला, पुन्हा खाली आला. तिथे काहीच नव्हतं. तिने हात झटकन मागे घेतला.

"अहो, तुम्ही चुकीच्या घरात आलात बहुतेक," ती नम्रपणे म्हणाली.

"आई, मी आहे. झिपऱ्या."

"माझा मुलगा येईलच आता. तुमचं काय काम आहे त्याच्याकडे?"

त्याने ताट वाढून आणलं, तर म्हणाली, "नको, झिपऱ्या आला की जेवू." ती रागावली असती, ओरडली असती, तर परवडलं असतं. तिच्या त्या "अहो"ने मात्र तो पार कोसळला.

दुसऱ्या दिवशी त्याला ती जागा मिळाली. घरी येऊन त्याने मावशींना जे सांगितलं ते मी ऐकलंय. साहेबांनी त्याला बघून कपाळावर हात मारला होता. "केस का कापलेस? तुझं नाव तर कधीच ठरलं होतं. त्या टाकीवाल्या वसाहतीचं पुढचं काम आलंय. ते विचारत होते, तो लांब केसांचा कुठे आहे, त्यालाच पाठवा." हे सांगताना झिपऱ्या हसायला लागला. मग ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

केस म्हणजे काही नळाचं पाणी नव्हे, तोटी सोडली की आलं. ते त्यांच्या गतीने वाढतात, आणि आईकडे तेवढे दिवस नव्हते. ती जेवेना. रोज दाराकडे बघत बसायची. मावशींनीच सुचवलं, बिचाऱ्यांनी चांगल्या मनानेच, की नाटकाचं सामान भाड्याने मिळतं तिथून केसांचा टोप आणा. झिपऱ्याने आणला. तो टोप घालून तो पाटावर बसला आणि काय सांगू, म्हातारीचा चेहरा फुलला! "आलास रे झिपऱ्या! किती वाट बघायला लावलीस?" मी त्या केसांतून फिरलो. ते कोरडे होते, निर्जीव होते, तरी मी फिरत राहिलो. झिपऱ्या डोळे मिटून बसला होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

मग एका गाठीत मी अडकलो. तिने जरा जोर लावला. आणि सगळाच्या सगळा टोप माझ्यासकट तिच्या हातात आला.

ती किंचाळली. तशी किंचाळी मी पुन्हा ऐकली नाही. "माझ्या झिपऱ्याचे केस! कोण आहात तुम्ही? काय केलंत माझ्या पोराचं?" तिने मला भिरकावलं. माझे पुढचे दात त्या दिवशी गेले. थोड्या वेळाने तिनेच मला शोधून काढलं आणि उशीखाली लपवलं. त्यानंतर ती त्याला खोलीत येऊ देईना. दिवसभर मला मुठीत धरून शालीच्या दशा विंचरत बसायची.

अगदी शेवटी तिच्या अंगात विरोध करण्याइतकं त्राण उरलं नाही, तेव्हा झिपऱ्या तिच्या उशाशी बसला. केस एव्हाना कानांपर्यंत आले होते. ते पुरेसे नव्हते. तिने त्याच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "अहो, एक काम कराल? माझा मुलगा आला की त्याला सांगा, कंगवा उशीखाली आहे."

"सांगतो," झिपऱ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मामा आले आणि कोपऱ्यात बसून राहिले. मावशींनी मला उशीखालून काढून या खणात ठेवलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आज झिपऱ्याचे केस पुन्हा पाठीवर आहेत, आणि त्याच केसांनिशी तो मुख्य इंजिनिअरच्या खुर्चीवर बसतो. कोणाचं काही अडलं नाही. त्याच्या हाताखाली लांब केसांचं कोणी नवं पोर आलं, तर तो पहिल्याच दिवशी त्याला सांगतो, "घट्ट बांध आणि कामाला लाग." स्वतःसाठी त्याने प्लास्टिकचा नवा कंगवा आणलाय. कधीतरी तो माझा खण उघडतो, बघतो, आणि बंद करतो. मला हात लावायची त्याची छाती होत नाही.

तरुण मित्रांनो, केस तुमचे आहेत. ते धुवा, विंचरा, नीट बांधा आणि ताठ मानेने कामावर जा. कोणी कापायला सांगितलंच, तर आधी विचारा की हे नक्की कोणाला हवंय. आणि तुम्हाला त्या केसांवरून ओळखणारं घरी कोणी असेल, तर त्यालाही विचारा.

आणि हो, तिचा निरोप अजून पोचलेला नाही. झिपऱ्याने तो ऐकला खरा, पण झिपऱ्या म्हणून नाही. कुठे भेटला तर त्याला सांगा, कंगवा आता उशीखाली नाही, खालच्या खणात आहे. दात थोडेच उरलेत, पण गुंता सोडवायला पुरतील.